मसल कारचा गिअर शिफ्टर निवडताना सुरुवात गाडीखालून

शेजारच्या गृहस्थांची १९६७ सालची शेव्हरोले चेव्हेल मागच्या वसंतात त्यांच्या गॅरेजमध्ये स्टँडवर चढली आणि मी हातात बॅटरी घेऊन, पाठीवर झोपून तिच्याखाली सरकलो. त्यांची तक्रार साधी होती. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना दांडा चुकायचा, कधी मधेच अडायचा, आणि रिव्हर्स टाकायला तर दोन-तीनदा झटापट करावी लागायची. उपाय म्हणून त्यांनी नवा शिफ्टर, म्हणजे दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणारे यंत्र, आधीच विकत आणला होता, पण तो निवडताना दांड्याची उंची आणि मुठीचा आकार एवढेच पाहिले होते. खोक्यातल्या सळ्या काढून गिअरबॉक्सशेजारी धरल्या, तेव्हा रिव्हर्सची सळी जिथे पोहोचायला हवी होती तिथून पुष्कळ पुढेच संपत होती. वस्तू उत्तम होती, परंतु ती वेगळ्या गिअरबॉक्ससाठी बनवलेली होती.

इथे मिशिगनमध्ये अशा जुन्या गाड्या घरोघरी जिवापाड सांभाळल्या जातात, आणि माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघा मराठी मित्रांनीही हल्ली त्या घेऊन स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला सुरुवात केली आहे. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांत ‘कोणता शिफ्टर घेऊ?’ हा प्रश्न हमखास असतो. त्याचे उत्तर गाडीत बसून सापडत नाही, ते गाडीखाली शिरून शोधावे लागते. हाताला लागते ती मूठ सर्वांत शेवटी निवडायची असते.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, सर्वसामान्य अमेरिकी कुटुंबाला परवडेल अशा गाडीत बसवलेले मोठे आणि ताकदवान व्ही-८ इंजिन. या प्रकाराची सुरुवात सहसा १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. त्या वेळी जॉन डिलोरियन हे पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता होते, आणि गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, मूळ रूपात ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याआधीच्या बहुतेक साध्या अमेरिकी गाड्यांत तीन गिअर असत आणि त्यांचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना ती रचना आठवत असेल. चालक स्टेअरिंगखालचा दांडा ओढायचा आणि ती हालचाल सळ्यांच्या साखळीतून, चार ठिकाणी वळत, गिअरबॉक्सपर्यंत पोहोचायची. साखळीतला प्रत्येक सांधा थोडा ढिला झाला की हाताला काही कळेनासे होई. जीटीओमध्ये दांडा जमिनीवर आला, आणि त्याखाली हर्स्ट कंपनीचा शिफ्टर कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. पेनसिल्व्हेनियातल्या जॉर्ज हर्स्ट यांची ही कंपनी. अपघातात चेपलेल्या गाडीतून माणसांना बाहेर काढण्यासाठी अग्निशमन दलाचे जवान जे हायड्रॉलिक जबड्याचे अवजार वापरतात, तेही मुळात याच हर्स्ट यांच्या कल्पनेतून आले. बाहेरच्या कंपनीने बनवलेला शिफ्टर हा गाडीच्या जाहिरातीचा विषय व्हावा, यावरूनच त्या काळच्या ग्राहकाला गिअर नेमका पडण्याचे किती मोल होते हे समजते.

आता तो काम कसे करतो ते पाहू. त्या काळातल्या चार गिअरच्या गिअरबॉक्सला डाव्या अंगाला तीन छोटे लिव्हर असतात. त्यांपैकी एक पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा आणि एक रिव्हर्सचा असतो. प्रत्येक लिव्हर पुढे-मागे फिरला की आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा चिमटा, सरकतो आणि गिअर पडतो. शिफ्टर हा गिअरबॉक्सच्या शेपटीजवळ बाहेरून बसवलेला स्वतंत्र भाग असतो. त्याच्या पोटातही तसेच तीन लिव्हर शेजारी शेजारी असतात, आणि तिथून तीन सळ्या गिअरबॉक्सच्या तीन लिव्हरांना जोडलेल्या असतात. आपण दांडा डावीकडे-उजवीकडे हलवतो तेव्हा त्याचे खालचे टोक तिघांपैकी एका लिव्हरची निवड करते, आणि पुढे-मागे हलवतो तेव्हा तोच लिव्हर सळीला ढकलतो किंवा ओढतो. सगळे यंत्र एवढेच आहे. मात्र तिन्ही सळ्यांची लांबी अचूक जुळली नाही, तर निवड करणाऱ्या टोकाला एका लिव्हरमधून दुसऱ्यात सरकायला वाट मिळत नाही, आणि हाताला ‘गिअर अडकतो’ असे जाणवते.

म्हणून पहिले काम म्हणजे गिअरबॉक्सची ओळख पटवणे. विक्रेत्याने सांगितलेले नाव, किंवा ‘गाडी अमुक सालची आहे म्हणजे तोच असणार’ हा अंदाज, यांवर विसंबू नये, कारण पन्नास-साठ वर्षांत गिअरबॉक्स एकदा तरी बदलला गेला असण्याची शक्यता दाट असते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी १९६३ ते १९७४ या काळात बनलेला मन्सी गिअरबॉक्स अॅल्युमिनियमचा असतो, त्याच्या बाजूच्या झाकणाला सात बोल्ट असतात, त्या झाकणावर दोनच लिव्हर असतात आणि रिव्हर्सचा तिसरा लिव्हर मागे टेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या शेपटीच्या कवचावर, असतो. सॅगिनॉ हा बिडाचा, तुलनेने लहान इंजिनांमागे बसणारा गिअरबॉक्स. त्याच्या झाकणालाही सात बोल्ट असतात, पण तिन्ही लिव्हर झाकणावरच असतात. बोर्ग-वॉर्नरच्या टी-१० चा रिव्हर्स मन्सीसारखाच मागे असतो, मात्र झाकणाला नऊ बोल्ट असतात. बोल्ट मोजायचे आणि तिसरा लिव्हर कुठे आहे ते पाहायचे, एवढ्यावर ओळख पटते. शेजाऱ्यांच्या गाडीखाली मी सात बोल्ट मोजले आणि बॅटरीचा झोत मागे नेला, तर तिसरा लिव्हर टेल हाउसिंगवर, तेलकट मातीच्या थराखाली दडलेला होता. गाडीत मन्सी होता, खोक्यातला संच सॅगिनॉचा होता, आणि रिव्हर्सची सळी लांब का पडते त्याचा उलगडा तिथेच झाला.

फोर्डच्या गाडीखाली शिरलात तर बाजूला झाकण सहसा दिसणार नाही, कारण तिथल्या बिडाच्या गिअरबॉक्सचे दहा बोल्टांचे झाकण वरच्या अंगाला असते. त्यावरूनच त्याला टॉपलोडर हे नाव पडले. त्याचे तिन्ही लिव्हर पेटीच्या बाजूतून बाहेर येतात. क्रायस्लरच्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांत १९६४ पासून ए-८३३ हा गिअरबॉक्स आला. या दोन्ही घराण्यांत गाडीच्या आकारानुसार टेल हाउसिंगची लांबी बदलते, आणि शिफ्टर तिथेच बसत असल्याने त्याची जागा आणि सळ्यांची लांबीही बदलते. मन्सीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. जुन्या बनावटीत झाकणावरचे लिव्हर नटाने धरलेले असतात, तर १९६९ पासूनच्या बनावटीत ते बोल्टने धरलेले असतात, त्यामुळे एकाचे लिव्हर दुसऱ्याला चालत नाहीत. शिफ्टर, सळ्या-लिव्हर-ब्रॅकेटांचा जोडणीसंच आणि दांडा हे बहुधा वेगवेगळे विकले जातात. मुख्य यंत्र योग्य असूनही जोडणीसंच चुकला की सगळे फसते, हे गाठीशी बांधून ठेवावे.

ओळख पटल्यानंतरचा प्रश्न असा की शिफ्टर कशाला धरून उभा राहणार आहे. भरधाव वेग घेताना हे मोठे इंजिन आपल्या रबरी माउंटवर एका बाजूला पिळवटते, आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सही हलतो. शिफ्टर गिअरबॉक्सच्याच टेल हाउसिंगवर घट्ट बसवलेला असेल तर दोघे एकत्र हलतात आणि सळ्यांना काही जाणवत नाही. तो चासीच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला, किंवा गाडीच्या पत्र्याला बांधलेला असेल तर गिअरबॉक्स हलतो, शिफ्टर जागच्या जागी राहतो, आणि नेमके जोरात पळवताना सळ्या ओढल्या जाऊन गिअर अडतो किंवा सुटतो. उभ्या गाडीत सगळे सुरळीत आणि रस्त्यावर त्रास, अशी तक्रार असेल तर आधी इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे माउंट फाटले आहेत का ते पाहावे आणि नंतर शिफ्टरची बांधणी कुठे आहे ते पाहावे. नवा शिफ्टर घेताना टेल हाउसिंगवर भक्कम ब्रॅकेटने बसणारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता यंत्राच्या पोटात काय असावे ते पाहू, कारण पैसे मोजायचे ते यासाठी. चांगल्या शिफ्टरमध्ये स्प्रिंगांची अशी योजना असते की दांडा मोकळा सोडला की तो आपोआप तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या रांगेत येऊन उभा राहतो. पहिल्या-दुसऱ्याकडे जायला स्प्रिंगच्या विरुद्ध डावीकडे ढकलावे लागते, आणि रिव्हर्ससाठी त्याहूनही जास्त जोर लावावा लागतो. याचा खरा उपयोग दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना होतो. बाकीचे बदल, म्हणजे पहिल्यातून दुसरा आणि तिसऱ्यातून चौथा, सरळ मागे ओढण्याचे असतात. दुसऱ्यातून तिसऱ्याला जाताना मात्र दांडा पुढे न्यायचा, वाटेत उजवीकडे सरकवायचा आणि पुन्हा पुढे ढकलायचा असतो. स्प्रिंग जिवंत असेल तर हात सरळ पुढे नेला तरी दांडा मधल्या न्यूट्रलमध्ये स्वतःच उजवीकडे उडी घेतो. स्प्रिंग मेलेली असेल तर तो सरळ वर, पहिल्या गिअरमध्ये शिरू पाहतो.

ही चूक किती महाग पडते ते आकड्यांवरूनच पाहावे. मन्सीच्या एम-२० या प्रकारात, १९६६ पासूनच्या बनावटीत, पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२, दुसऱ्याचे १.८८ आणि तिसऱ्याचे १.४६ असते. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत असताना तिसरा पडला तर फेरे सुमारे ४,२७० वर उतरतात आणि गाडी झोकात पुढे जाते. त्याच क्षणी चुकून पहिला पडला आणि क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला सुमारे ७,३७० फेऱ्यांपर्यंत फरफटत नेतात. त्या काळच्या रस्त्यावरच्या व्ही-८ इंजिनाला हा वेग झेपणारा नसतो. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, कनेक्टिंग रॉड तुटू शकतो, आणि हजारो डॉलरचे इंजिन एका सेकंदात भंगार होते. दुसरा-तिसरा चुकणे ही तक्रार मी कधीही किरकोळ मानत नाही, ती याच कारणाने.

पोटातली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबे. जोशात गिअर टाकणारा माणूस गिअर पडल्यानंतरही दांडा ढकलतच राहतो. हा अतिरिक्त जोर सळीतून, लिव्हरमधून थेट आतल्या फोर्कवर जातो, आणि फोर्क वाकतो किंवा सतत घासून झिजतो. हर्स्टचा कॉम्पिटिशन प्लस हा शिफ्टर नावाजला तो मुख्यतः त्यातल्या कमी-जास्त करता येणाऱ्या थांब्यांच्या बोल्टमुळे. गिअर पूर्ण बसल्यानंतर दांडा या बोल्टवर येऊन टेकतो आणि पुढचा सगळा जोर शिफ्टरच्या अंगावर राहतो, गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही. बोल्ट बसवण्याची रीतही सोपी आहे. दांडा तिसऱ्या गिअरमध्ये घट्ट धरून ठेवायचा, बोल्ट दांड्याला टेकेपर्यंत आत फिरवायचा, मग हात सैल करून तो एक फेरा मागे घ्यायचा आणि लॉक नट आवळायचा. चौथ्या गिअरसाठी दुसऱ्या बोल्टने हेच करायचे. बोल्ट जास्त आत राहिला तर गिअर पूर्ण बसण्याआधीच दांडा थांबतो आणि मग गिअर निसटू लागतो, त्यामुळे इथे घाई करू नये. मोठ्या इंजिनाच्या गाडीत थांबे नसलेला शिफ्टर, तो कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये.

यानंतर येतो तो मुद्दा ज्याने बहुतेक लोक भुलतात, आणि तो म्हणजे दांड्याचा प्रवास. कमी प्रवासाचा शिफ्टर म्हणजे चांगला शिफ्टर, असा एक समज पसरलेला आहे. दांडा ही साधी तरफ आहे. समजा टेकूपासून मुठीपर्यंतचे अंतर ३६ सेंटिमीटर आहे आणि टेकूपासून सळीच्या सांध्यापर्यंतचे ४ सेंटिमीटर, म्हणजे तरफेचे प्रमाण नऊपट झाले. गिअर पडायला सळी दीड सेंटिमीटर हलावी लागत असेल तर हाताला साडेतेरा सेंटिमीटर प्रवास करावा लागेल. आता दांडा कापून २८ सेंटिमीटरवर आणला तर प्रमाण सातपट होईल, हाताचा प्रवास साडेदहा सेंटिमीटरवर येईल, पण तेवढाच गिअर टाकायला लागणारा जोर सुमारे २९ टक्क्यांनी वाढेल. प्रवासात जे वाचले ते जोरात भरून द्यावे लागते, त्यातून सुटका नाही.

शिवाय हा वाढीव जोर जातो कुठे हेही पाहिले पाहिजे. गिअर बदलताना आतल्या दोन फिरत्या भागांचा वेग समान करण्याचे काम पितळेच्या सिंक्रोनायझर कड्या घर्षणाने करतात, आणि त्या कामाला ठरावीक वेळ लागतो. दांड्याचा प्रवास कमी केला म्हणून त्या कड्या चपळ होत नाहीत. त्यांना पुरेसा वेळ न देता दांडा पुढे रेटला की गिअरमधून करकर ऐकू येते, आणि जुन्या, झिजलेल्या कड्या आणखी लवकर संपतात. कड्या नव्या असतील, गाडी शर्यतीच्या पट्टीवर जात असेल, तर कमी प्रवासाचा शिफ्टर जरूर घ्यावा. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन फेरफटका मारणाऱ्या गाडीला मध्यम प्रवासाचा, पण स्पष्ट ‘खट्’ असा पडणारा शिफ्टर अधिक सुखाचा ठरतो. नेमकेपणा प्रवासाच्या लांबीवर अवलंबून नसतो, तो सांध्यांतल्या ढिलेपणावर अवलंबून असतो. एसटीच्या जुन्या गाडीतला तो लांब, थरथरणारा दांडा पाहणाऱ्याला बेभरवशाचा वाटे, पण मुरलेला चालक त्याच दांड्याने घाटात बिनचूक गिअर टाकत असे.

ढिलेपणाचा उगम बहुधा बुशमध्ये असतो. प्रत्येक सळीच्या दोन्ही टोकांना लिव्हरच्या भोकात एक छोटा बुश, म्हणजे भोकाचे नळीसारखे अस्तर, असतो, म्हणजे तीन सळ्यांचे मिळून सहा. रबर किंवा नायलॉनचे बुश कंप आणि आवाज शोषून घेतात, पण एक्झॉस्टच्या उष्णतेने आणि तेलाने ते खराब होतात. पोलादी बुश टिकाऊ आणि अचूक असतात, मात्र त्यांच्यातून गिअरबॉक्सची गुणगुण थेट मुठीपर्यंत येते. मन्सीचा एम-२२ हा प्रकार कमी तिरप्या दात्यांमुळे आधीच इतका आवाज करतो की त्याला ‘रॉक क्रशर’, म्हणजे खडी फोडणारा, हे टोपणनाव मिळाले. अशा गिअरबॉक्सला पोलादी बुश लावले तर लांबच्या प्रवासात तळहाताला मुंग्या येतील. रस्त्यावरच्या गाडीला मी नायलॉन सुचवतो आणि काही वर्षांनी ते बदलायची तयारी ठेवा असेही सांगतो.

चेव्हेलचे पुढे काय झाले ते इथे सांगणे योग्य होईल. योग्य जोडणीसंच येईपर्यंत हातात दहा दिवस होते, तेव्हा जुन्याच शिफ्टरचे सहा बुश बदलून पाहायचे आम्ही ठरवले. एका सळीचा बुश काढला, तर तो हातातच कुसकरला गेला आणि लिव्हरमधले गोल भोक झिजून अंडाकार झालेले दिसले. नंतर जुळणी केली. शिफ्टर न्यूट्रलमध्ये असताना त्याच्या तिन्ही लिव्हरांमधली भोके एका रेषेत येतात, आणि त्यातून पाव इंची पिन आरपार घालायची असते. ही पिन म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांच्या भाषेत दोन सुताची. खास पिन नसेल तर तेवढ्याच जाडीच्या ड्रिलची मागची, गुळगुळीत बाजू चालते. पिन घातली की शिफ्टर न्यूट्रलमध्ये बांधला गेला. मग गिअरबॉक्सवरचे तिन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलमध्ये आणायचे आणि प्रत्येक सळीच्या टोकाचा आट्यांचा जोड फिरवून तिची लांबी अशी जमवायची की सळीचे टोक बोटाच्या हलक्या दाबाने बुशमध्ये शिरेल. जरासेही ओढून किंवा ढकलून बसवावे लागले तर लांबी चुकली असे समजावे. पहिल्या-दुसऱ्याची सळी जेमतेम दीड आट्याने लांब निघाली. एवढ्याशा फरकामुळे तो लिव्हर पूर्ण न्यूट्रलमध्ये येत नव्हता, आणि एका वेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून गिअरबॉक्समध्ये असलेला इंटरलॉक तिसऱ्याला वाट देत नव्हता, तर शिफ्टरमध्ये रिव्हर्सकडे सरकणारे दांड्याचे टोकही अडत होते. बुश आणि जुळणी झाल्यावर रिव्हर्स एका हातात पडू लागला. दुसरा-तिसरा मात्र अजूनही चुकत होता, कारण जुन्या शिफ्टरची स्प्रिंग खरोखरच थकली होती, आणि तेवढ्यासाठी नवा शिफ्टर हवाच होता. पैसे खर्च करण्याआधी बुश आणि जुळणी तपासा असे मी सर्वांना सांगतो, कारण अर्धी तक्रार बरेचदा तिथेच मिटते आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नेमके काय विकत घ्यायचे हेही तिथेच कळते.

आता दांडा. गाडीत सलग बाकासारखे आसन आहे की दोन सुट्या खुर्च्या, आणि मध्ये कन्सोल, म्हणजे खुर्च्यांमधली पेटी, आहे की नाही, यावर त्याचा बाक ठरतो. सलग आसनाची पुढची कड गाडीच्या पूर्ण रुंदीत असते, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला मागे येणारा दांडा त्या कडेवर आपटू नये असा वळवलेला असावा लागतो. कन्सोल असेल तर दांडा त्याच्या चौकटीच्या बरोबर मध्यातून वर आला पाहिजे. दांडा मागवण्याआधी शिफ्टरच्या जागी एखादी लाकडी काठी उभी धरावी, आसन आपल्या नेहमीच्या जागी सरकवावे, आणि चारही गिअरांच्या जागी हात नेऊन पाहावा. तिसऱ्याला बोटांची पेरे डॅशबोर्डला लागत नाहीत ना, आणि चौथ्याला कोपर मागे अडत नाही ना, हे पाच मिनिटांत कळते. मुठीचा आटा बहुतेक हर्स्ट दांड्यांवर तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला सोळा आट्यांचा असतो. मूठ पांढरी गोल असावी की टी आकाराची, हा केवळ आवडीचा भाग आहे.

गाडी जशीच्या तशी, मूळ रूपात जपायची असेल तर मात्र हिशेब बदलतो. १९६९ पासून कॅमारो आणि चेव्हेलमध्ये कारखान्यातूनच हर्स्ट येऊ लागला. क्रायस्लरच्या गाड्यांत १९६६-६७ मध्ये इनलँड या कंपनीचा आणि १९६८ पासून हर्स्टचा शिफ्टर आढळतो, आणि १९७० पासून तिथे पिस्तुलाच्या दस्त्यासारखी ती प्रसिद्ध मूठ आली. इनलँडच्या शिफ्टरला चालवणारे सहसा नावे ठेवतात, पण १९६६ च्या अस्सल गाडीतून तो काढून फेकू नये. रोज चालवण्यासाठी नवा लावावा आणि जुना तेल लावून, कापडात गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा. जनरल मोटर्सच्या १९६९ आणि त्यापुढच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. किल्लीचे कुलूप डॅशबोर्डवरून स्टेअरिंगच्या खांबावर आल्यामुळे रिव्हर्सच्या लिव्हरपासून खांबापर्यंत एक जास्तीची सळी जाते, आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली निघत नाही. नवा शिफ्टर बसवताना ती सळी आणि मागच्या पांढऱ्या दिव्याचे बटण यांना जागा आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

पाच गिअरचा आधुनिक गिअरबॉक्स बसवणाऱ्यांचे गणितच निराळे असते. मूळच्या मेक्सिकोतल्या ट्रेमेक कंपनीचे टीकेओ आणि आता त्याच्या जागी आलेला टीकेएक्स हे गिअरबॉक्स यासाठी लोकप्रिय आहेत, आणि त्यामागचे कारणही रास्त आहे. मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर ३.७३ आणि टायरचा व्यास २६ इंच असेल, तर चार गिअरच्या गाडीत ताशी ७० मैलांवर इंजिन मिनिटाला सुमारे ३,३७० फेरे घेते, तर ०.६८ गुणोत्तराच्या पाचव्या गिअरवर ते सुमारे २,३०० वर येते. या गिअरबॉक्सला बाहेरच्या सळ्या नसतात. दांडा वरून थेट आतल्या एका आडव्या दांडीला हलवतो, त्यामुळे जुळणी, पिन, सहा बुश हा सगळा व्याप संपतो. निवड उरते ती दांडा वर येण्याच्या जागेची. टेल हाउसिंगवर त्यासाठी एकापेक्षा जास्त जागा दिलेल्या असतात, आणि मूळ पत्र्यातल्या भोकाशी, कन्सोलशी जुळणारी जागा निवडता येते. त्यासाठी इंजिनच्या मागच्या सपाट पृष्ठभागापासून पत्र्यातल्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून ठेवावे आणि विक्रेत्याला तोच आकडा सांगावा. यातल्या काही गिअरबॉक्सांत रिव्हर्स उजवीकडे खाली, पाचव्याच्या मागे असतो. वर्षानुवर्षे डावीकडे वर रिव्हर्स टाकणाऱ्या हाताला ते अंगवळणी पडेपर्यंत सावध राहावे लागते.

कोणताही शिफ्टर बसवला तरी पत्र्यातले भोक खालून रबरी बूटने, म्हणजे दांड्याभोवतीच्या लवचीक आवरणाने, नीट बंद करावे. वरचे चामड्याचे आवरण दिसायला असते, पण एक्झॉस्टचा धूर गाडीत येण्यापासून अडवतो तो हा खालचा रबरी बूट, आणि घाईत नेमका तोच लावायचा राहतो. चेव्हेलमध्ये योग्य संच बसला, पिन घालून जुळणी झाली, थांबे लागले, आणि शेवटी शेजाऱ्यांनी दोन्ही लॉक नटांवर आणि बोल्टांच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ ओढून ठेवली. शंभर मैलांनंतर आम्ही गाडी पुन्हा स्टँडवर घेतली, तेव्हा तिसऱ्या गिअरच्या थांब्यावरची रेघ केसभर सरकलेली दिसली. नट पुन्हा आवळला, रेघ नव्याने ओढली, आणि पुढच्या तपासणीला ती जागच्या जागी होती.